होय म्हणणाऱ्यांची नावे

शेताच्या सातबाऱ्यावर वारसाची नोंद कशी करायची, हे १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत लिहिलेले आहे. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार भरते. घरमालकाला भाडेकरूकडून जागा कोणत्या कारणांसाठी परत मागता येते, हे १९९९च्या भाडे नियंत्रण अधिनियमाने ठरवले आहे. सरकारी दाखला ठरलेल्या मुदतीत मिळवण्याचा हक्क २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दिला. जमीन, पोलीस, दारू, सार्वजनिक आरोग्य, ग्रामपंचायती आणि नगरपालिका हे विषय घटनेने राज्यांकडे सोपवले आहेत. म्हणून हे कायदे दिल्लीत नव्हे, तर मुंबई किंवा नागपुरात भरलेल्या राज्याच्या विधिमंडळात, अधिवेशनातल्या कुठल्या तरी एका दिवशी संमत झाले.

त्या दिवशी प्रत्येक विधेयकावर सभागृहाला कौल विचारला गेला आणि बहुमताने ‘होय’ असे उत्तर दिले. ते ‘होय’ नेमके कोणी म्हटले, आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने काय म्हटले, हे मात्र बहुतेक कायद्यांच्या बाबतीत आज शोधूनही सापडणार नाही. असे का होते, हे समजण्यासाठी विधिमंडळातला कामकाजाचा एक दिवस नीट पाहिला पाहिजे.

महाराष्ट्राचे विधिमंडळ द्विसदनी आहे. विधानसभेत २८८ सदस्य आहेत, विधान परिषदेत ७८. वर्षाला साधारणपणे तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत भरते आणि हिवाळी अधिवेशन नागपुरात. नागपूरची ही प्रथा १९५३च्या नागपूर करारातून आली. विदर्भ महाराष्ट्रात येताना सरकारने वर्षातला काही काळ नागपुरात बसावे, असे त्या करारात ठरले होते. या भागातली कायदेमंडळाची परंपरा मात्र याहून बरीच जुनी आहे. १८६१च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या मुंबई कायदे कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी झाली आणि नाना शंकरशेट तिचे सदस्य होते. १९२८पासून अनेक दशके कायदेमंडळ ज्या वास्तूत बसले, ती मूळची खलाशांच्या निवाऱ्याची इमारत. आज तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचे मुख्यालय आहे. नरिमन पॉइंटजवळचे सध्याचे विधानभवन १९८१ सालचे.

कामकाजाच्या दिवशी सदस्यांच्या हातात छापील कार्यक्रम पत्रिका असते. दिवसभरात काय येणार आणि कोणत्या क्रमाने येणार, हे त्यात दिलेले असते. कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा, हे कामकाज सल्लागार समितीत सर्व पक्षांच्या नेत्यांनी मिळून आधी ठरवलेले असते. सभागृह भरण्यासाठी एकूण सदस्यांच्या एक दशांश सदस्य हजर असावे लागतात. विधानसभेत ही गणसंख्या २९ होते.

सुरुवात प्रश्नोत्तराच्या तासाने होते. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. गावातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा किती महिने रिकामी आहे, धरणाच्या कालव्याचे काम कशामुळे थांबले आहे, अशा गोष्टी इथे निघतात. उत्तर चुकीचे निघाले तर मंत्री अडचणीत येतो, म्हणून मंत्रालयातली खाती या तासासाठी रात्र रात्र माहिती गोळा करत असतात. त्यानंतर कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात आणि लक्षवेधी सूचना येतात. ताज्या आणि गंभीर प्रश्नावर सगळे कामकाज बाजूला सारून चर्चा हवी असेल, तर विरोधक स्थगन प्रस्ताव देतात. तो फेटाळला गेला की घोषणा, वेलमध्ये धाव, सभात्याग. कधी अध्यक्षांसमोरचा राजदंड उचलण्यापर्यंत गोष्टी जातात. संध्याकाळच्या बातम्यांत आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत हाच भाग ठळकपणे येतो.

विधेयके येतात ती बहुधा या गदारोळानंतर, दुपारी किंवा संध्याकाळी. तोवर पत्रकार कक्ष विरळ झालेला असतो आणि बाकेही बरीच रिकामी असतात. पण राज्याचा कायदा घडतो तो याच वेळी.

सभागृहात येण्यापूर्वी विधेयकाचा बराच प्रवास झालेला असतो. संबंधित खाते प्रस्ताव तयार करते, विधी व न्याय विभाग त्याला कायद्याच्या भाषेत बसवतो आणि मंत्रिमंडळ मान्यता देते. मग विधेयक छापून सदस्यांना वाटले जाते. मूळ मजकुराला जोडून शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन असते. कायदा का हवा, हे सरकारने तिथे सांगायचे असते. खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापनही असते. नियम करण्याचे कोणते अधिकार सरकार स्वतःकडे घेत आहे, हे सांगणारे ज्ञापनही सोबत असते आणि ते लक्ष देऊन वाचले पाहिजे. कायद्यात ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ असे जिथे जिथे येते, तिथे तपशील पुढे सरकार नियमांनी ठरवते. सभागृहाचा त्यावरचा ताबा मग बराच सैल होतो.

सभागृहात विधेयकाला तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात मंत्री विधेयक मांडण्याची अनुमती मागतात आणि ते पुरःस्थापित होते. दुसऱ्या टप्प्यात ‘विधेयक विचारात घेण्यात यावे’ असा प्रस्ताव येतो आणि विधेयकाच्या मूळ हेतूवर चर्चा होते. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा किंवा जनमत अजमावण्यासाठी प्रसृत करा, अशी मागणी सदस्य याच वेळी करू शकतात. हेतू मान्य झाला की खंडशः विचार सुरू होतो. विधेयकातल्या कलमाला या अवस्थेत ‘खंड’ म्हणतात. एकेक खंड घ्यायचा, त्यावरच्या दुरुस्त्या घ्यायच्या, मते घ्यायची आणि तो विधेयकाचा भाग करायचा. खंड १, म्हणजे संक्षिप्त नाव आणि प्रारंभ, सर्वांत शेवटी घेतला जातो, कारण बाकीच्या मजकुरात बदल झाला तर त्यावरही परिणाम होऊ शकतो. तिसऱ्या टप्प्यात ‘विधेयक संमत करण्यात यावे’ यावर अंतिम मत होते.

या तीन टप्प्यांत कायद्याचा खरा कस लागतो तो खंडशः विचारात. ‘आणि’ऐवजी ‘किंवा’ लिहिले, ‘करील’ऐवजी ‘करू शकेल’ लिहिले, तर नागरिकाचा हक्क अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातो. शिक्षा किती, अपील कुणाकडे, मुदत किती दिवसांची, हे सगळे खंडांत असते. पण घाईच्या दिवशी खंड गठ्ठ्यानेच मताला टाकले जातात आणि पुष्कळ पाने काही मिनिटांत विधेयकाचा भाग होऊन जातात.

मतदान असे होते. अध्यक्ष प्रस्ताव वाचून म्हणतात, जे अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, जे प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. दोन्ही आवाज ऐकून ते ‘होयचे बहुमत’ असे जाहीर करतात. हे आवाजी मतदान. एखाद्या सदस्याने त्या निर्णयाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तर घंटा वाजते, बाहेरचे सदस्य आत येतात, दारे बंद होतात आणि मोजणी होते. अध्यक्ष सुरुवातीला मत देत नाहीत. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली तरच घटनेच्या १८९व्या अनुच्छेदानुसार त्यांना निर्णायक मत देता येते.

मोजणी झाली की चित्र कसे पालटते, हे विश्वासदर्शक ठरावांच्या वेळी महाराष्ट्राने पाहिले आहे. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. मतविभागणी का घेतली नाही, यावरून त्या वेळी मोठा वाद झाला. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी शिरगणती झाली आणि ठरावाच्या बाजूने १६९ मते पडली. भाजपने सभात्याग केला होता आणि चार सदस्य तटस्थ राहिले. ४ जुलै २०२२ रोजी पुन्हा शिरगणती झाली. ठरावाच्या बाजूने १६४ आणि विरोधात ९९ मते पडली. दारे बंद झाल्यावर पोहोचलेले काही आमदार बाहेरच राहिले. कोण उभा राहिला, कोण बसून राहिला आणि कोण आलाच नाही, हे त्या दिवशी सगळ्या राज्याला कळले.

सरकार टिकते की पडते, हे ठरवताना आपण एकेक डोके मोजतो. लाखो लोकांच्या जमिनीवर, मजुरीवर किंवा स्वातंत्र्यावर परिणाम करणारा कायदा मात्र आवाजावर संमत करतो. अलीकडचे उदाहरण विशेष जनसुरक्षा विधेयकाचे. ते संयुक्त समितीकडे गेले, लोकांकडून १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या आणि मसुद्यात बदलही झाले. समितीच्या कामाला अर्थ असतो, याचा तो पुरावा होता. पण १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. नागरी स्वातंत्र्याशी थेट संबंध असलेल्या या विधेयकावर प्रत्येक आमदाराचे मत नावानिशी नोंदले गेले असते, तर समर्थकांना त्याचा अभिमानाने दाखला देता आला असता आणि विरोधकांनाही.

नावानिशी मत न नोंदण्यामागे पक्षादेशाचाही हात आहे. १९८५च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. हे बंधन फक्त विश्वासदर्शक ठरावापुरते नाही. प्रतोदाने पक्षादेश काढला तर कोणत्याही विधेयकाला ते लागू होते. निकाल आधीच ठरलेला असेल तर मोजणीत वेळ का घालवायचा, असा युक्तिवाद मग केला जातो. दिनेश गोस्वामी समितीने १९९०मध्येच सुचवले होते की पक्षादेश मोडल्याची शिक्षा विश्वास आणि अविश्वास ठरावांपुरती ठेवावी. ती सूचना स्वीकारली असती, तर विधेयकाच्या एखाद्या खंडावर आपल्या मतदारसंघाच्या अनुभवातून वेगळे मत देणे आमदाराला शक्य झाले असते.

एका सभागृहाने विधेयक संमत केले की ते दुसऱ्याकडे जाते. विधान परिषद साधे विधेयक अडवू शकते, पण कायमचे नाही. पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर एक महिना, एवढाच विलंब तिच्या हातात आहे. धन विधेयकासाठी तिला फक्त चौदा दिवस मिळतात. अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्यांच्या मागण्यांवर फक्त विधानसभा मतदान करते. ती मागणी नाकारू शकते किंवा कमी करू शकते, वाढवू शकत नाही. ठरलेल्या शेवटच्या दिवशी वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. हजारो कोटी रुपये त्या काही मिनिटांत मंजूर होतात.

दोन्ही सभागृहांची मोहोर उमटली की विधेयक राज्यपालांकडे जाते. ते संमती देतात, फेरविचारासाठी परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरणाऱ्या तरतुदी असतील, तर हा शेवटचा रस्ता महत्त्वाचा ठरतो. एप्रिल २०१६मध्ये विधिमंडळाने एकमताने संमत केलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७मध्ये अमलात आला. महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठीचे शक्ती विधेयक संयुक्त समितीच्या छाननीतून गेले आणि डिसेंबर २०२१मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा होऊ शकला नाही. संमती मिळाली की विधेयक राजपत्रात प्रसिद्ध होते, त्याचे नाव ‘अधिनियम’ होते आणि खंडांची कलमे होतात.

सभागृहातल्या कार्यपद्धतीत चूक झाली, एवढ्या कारणावरून न्यायालय कायदा रद्द करत नाही. कायद्याचा आशय घटनेशी जुळतो का, हे मात्र ते तपासते. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा आरक्षणाचे विधेयक एकाच दिवशी दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात १० टक्के आरक्षणाचे नवे विधेयक संमत झाले. सभागृहातले एकमत ही राजकीय ताकद असते. घटनेच्या कसोटीवर कायदा टिकवण्याचे काम आकडेवारी, अहवाल आणि मसुद्यातला नेमकेपणा यांनाच करावे लागते.

जे कायदे आणि ठराव टिकले, लोकांच्या आयुष्यात उतरले, त्यांच्या मागे बहुधा लांबलचक तयारी दिसते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत, असा तो ठराव होता. ठराव म्हणजे सभागृहाचे मत, त्याला कायद्याचे बळ नसते. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तळ्यावर पाणी भरण्याची मुभा प्रत्यक्षात मिळाली नाही. १९२६मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला. पाणवठे खुले न करणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान रोखावे, असे त्यात होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा सभागृहाच्या कागदावरचा हक्क बजावला गेला. सभागृहातले मत आणि रस्त्यावरचा संघर्ष एकमेकांना बळ देतात, हे महाडने दाखवले.

रोजगार हमीची गोष्टही अशीच. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकात सांगलीच्या तासगाव तालुक्यात प्रयोगाच्या रूपाने तपासली. १९७२च्या दुष्काळाने तिची गरज राज्याला पटवली. पैशाची सोय करण्यासाठी १९७५मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. त्यानंतर १९७७चा रोजगार हमी अधिनियम आला आणि तो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राचाच अनुभव देशभर नेला. सभागृहातल्या अंतिम मतापूर्वी इथे प्रयोग, दुष्काळाचा धडा आणि कराची तरतूद, असे सगळे झाले होते.

जादूटोणाविरोधी कायद्याला तर त्याहून मोठी किंमत मोजावी लागली. त्याचे मसुदे वर्षानुवर्षे बदलत राहिले, अधिवेशने येत-जात राहिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि काही दिवसांतच सरकारने अध्यादेश काढला. अध्यादेशाचे आयुष्य मर्यादित असते. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही, तर तो संपतो. डिसेंबर २०१३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. इतकी वर्षे त्याला कोणी पाठिंबा दिला, कोणी अडवले, कोण गप्प राहिले, याचा नावानिशी हिशेब मतदारांसमोर वेळोवेळी आला असता, तर त्या विलंबाची जबाबदारी कुणावर तरी पडली असती.

देशातल्या विधानसभा अलीकडे वर्षाला सरासरी वीस ते पंचवीस दिवसच बसतात. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२मध्ये मोठ्या राज्यांच्या विधानसभांनी किमान ९० दिवस बसावे, असे सुचवले होते. दिवस कमी पडले की प्रश्नोत्तरे, लक्षवेधी आणि विधेयके यांची एकमेकांत ओढाताण होते आणि त्यात विधेयकांवरची चर्चाच आधी आखडते.

यावरचे उपाय नियमांतच उपलब्ध आहेत. मोठे विधेयक संयुक्त समितीकडे पाठवता येते आणि लोकांकडून सूचना मागवता येतात. कोणताही सदस्य मतविभागणी मागू शकतो. निदान हक्क, शिक्षा आणि कर यांच्याशी संबंधित प्रत्येक विधेयकाच्या शेवटच्या टप्प्यावर नावानिशी मत नोंदवण्याची प्रथा विधिमंडळाने घालून घ्यावी. त्याने निकाल फारसे बदलणार नाहीत, पण आमदाराला विधेयक वाचून यावे लागेल, कारण उद्या मतदारसंघात कुणीतरी त्याचे मत विचारणार आहे.

आपणही विचारायला हवे. विधिमंडळाची विधेयके आणि कामकाजाची माहिती संकेतस्थळावर मिळते. रस्ता, गटार, समाजमंदिर यांसाठी आपण आमदाराकडे निवेदन घेऊन जातो. त्याच निवेदनात या अधिवेशनातल्या एखाद्या विधेयकाचे नाव लिहून आणखी एक ओळ घालावी: यावर आपण सभागृहात काय बोललात आणि कोणत्या बाजूने मत दिलेत, ते लेखी कळवावे.